पडद्यावरचा समुद्र आणि आपली नाग नदी

नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. प्रतापनगर परिसरातील मुलांच्या ओळखीचे मोठे पाणी म्हणजे अंबाझरी तलाव. त्यांच्यापैकी अनेकांना समुद्र प्रथम भेटतो तो दूरचित्रवाणीच्या पडद्यावर. या भेटीला निव्वळ करमणूक समजू नये, असे माझे मत आहे.

डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्या निवेदनातील बीबीसीच्या ‘ब्लू प्लॅनेट’ (२००१) आणि ‘ब्लू प्लॅनेट २’ (२०१७) या मालिकांनी खोल समुद्रातील जीवसृष्टी घराघरांत पोहोचविली. दुसऱ्या मालिकेत अल्बॅट्रॉस पक्षी पिलांसाठी दुरून अन्न आणतात आणि त्या अन्नासोबत प्लॅस्टिकही त्यांच्या पोटात जाते. प्रदूषणाची व्याख्या पाठ करून जे साधत नाही, ते या एका दृश्याने साधते. कधी न पाहिलेल्या जिवाविषयी मनात करुणा उपजते.

मात्र पडदा पाहून समुद्र आपला नव्हे, त्याची काळजी किनाऱ्यावरच्यांनी घ्यावी, असेही वाटू शकते. वस्तुस्थिती वेगळी आहे. आपल्या नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळते. नाल्यात फेकलेल्या पिशवीलाही तीच वाट मोकळी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान व भारतीय वन्यजीव संस्था यांनी गुहागरच्या किनाऱ्यावरून उपग्रह-ट्रान्समीटर लावून सोडलेली ‘बागेश्री’ ही ऑलिव्ह रिडले जातीची कासव-मादी श्रीलंकेला वळसा घालून याच उपसागरात पोहोचली होती. कोकणचे कासव आणि नागपूरचे पाणी यांचा समुद्र एकच आहे.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नगरीत बाबासाहेबांनी तथागतांची सागराची उपमा सांगितली होती. सागराला मिळाल्यावर नद्यांची वेगळी ओळख उरत नाही; संघातही तसेच. ही उपमा समतेची आहे. पण नदी जे वाहून नेते तेही सागराचेच होते, एवढा बोध आज तीतून अवश्य घ्यावा.

म्हणून वसतिगृहात आठवड्यातून एक तास समुद्रावरील माहितीपट दाखवावा आणि शिक्षकांनी त्यावर मराठीतून चर्चा घडवावी. त्यानंतर मुलांना नाग नदीच्या काठावर न्यावे. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दरवर्षी काही मुलांना कोकणचा किनारा दाखविला, तर त्याहून उत्तम. पडद्याने लावलेला जिव्हाळा कृतीत उतरविणे हे मात्र शाळेचे आणि आपणा सर्वांचे काम आहे.