साडेसातच्या अलीकडचे

नवी फ्रेम निवडायची तर डोळ्यांवरचा चष्मा काढावा लागतो, आणि तो काढला की आरशातलं तोंड आपलं की शेजाऱ्याचं, तेही कळत नाही. आमचा दुकानदार त्यावर तोडगा म्हणून मोबाइलवर फोटो काढतो. जुना चष्मा चढवून तो बघायचा. पण फ्रेम परवडते हो, खिसा कापतात त्या काचा. प्रोग्रेसिव्ह, अँटिग्लेअर, ओरखडे न पडणारं कोटिंग, वर ब्लू-कट, असं करत आकडा पाच अंकी होतो. (ब्लू-कटने संगणकापुढे डोळ्यांचा ताण कमी होतो, असं २०२३च्या कॉक्रेन आढाव्यात काही दिसलं नाही. काउंटरवर हे बोलू नये, पोरगा हिरमुसतो.) मग आठवतो आरोग्य विमा, ज्याचा हप्ता आपण न चुकता भरतो. त्यात बहुधा चष्मा बसत नाही. बरं, लेसरने नंबरच घालवावा, तर दृष्टिदोष साडेसात डायॉप्टरच्या आत असेल तर तोही खर्च प्रमाणित अपवादांत मोडतो. माझा नंबर पावणेपाच. म्हणजे विम्याच्या हिशेबी मला चांगलंच दिसतं! मोतीबिंदूला पैसे मिळतात, पण बऱ्याच पॉलिसींत आधी दोन वर्षं थांबून, आणि वर मर्यादा असतेच. सरकारने मात्र २२ सप्टेंबर २०२५पासून चष्म्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, वैयक्तिक विम्याच्या हप्त्यावरचा तर काढूनच टाकला. त्या वाचलेल्या पैशांत निदान काचा पुसायचं फडकं तरी बरं येईल. काड्या सैल झाल्या तर दुकानदार त्या अजून फुकट आवळून देतो.