विश्लेषण : रात्री उडणाऱ्या पोपटाला अंधारात दिसतं का?

ऑस्ट्रेलियातला ‘नाइट पॅरट’ नामशेष झाला, असंच विसाव्या शतकात अनेकांनी धरलं होतं. २०१३ मध्ये क्वीन्सलँडमध्ये त्याची छायाचित्रं मिळाली. २०२४ मध्ये ग्रेट सँडी वाळवंटातल्या न्गुरुर्पा या आदिवासी संरक्षित क्षेत्रात सुमारे ५० पक्षी असावेत, असा अंदाज प्रसिद्ध झाला. ही त्याची आजवरची सर्वांत मोठी ज्ञात वस्ती. आता हे पक्षी टिकवायचे कसे, हा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तराचा एक धागा त्यांच्या मेंदूच्या आकारात आहे.

पोपटाचा मेंदू नुसता वजनावर जोखला तर फसगत होते. निळ्या-पिवळ्या मकावचा मेंदू जेमतेम २० ग्रॅमचा, ऱ्हीसस माकडाचा त्याच्या चौपट. तरीही २०१६ च्या एका अभ्यासात अग्रमेंदूच्या वरच्या थरातल्या चेतापेशी मकावमध्येच किंचित जास्त निघाल्या. म्हणून मेंदू एकूण केवढा यापेक्षा त्यातला कोणता भाग मोठा आणि कोणता लहान, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

त्यासाठी पक्षी मारावा लागत नाही. पक्ष्यांचा मेंदू कवटीत इतका घट्ट बसतो की आतल्या पोकळीवरून त्याची ठेवण कळते. २०२० मध्ये संशोधकांनी नाइट पॅरटच्या कवटीचं सीटी स्कॅन करून ती इतर पोपटांशी ताडून पाहिली. घुबडासारखे मोठे डोळे सापडतील, अशी कुणाचीही अपेक्षा असती. पण डोळे नातलगांएवढेच निघाले. उलट दृष्टीचा चेतातंतू जाण्याचं छिद्र आणि मेंदूतले दृष्टिखंड लहान होते.

याचा अर्थ पक्षी आंधळा आहे, असा नव्हे. अनेक प्रकाशपेशींचा संदेश एकाच तंतूवर गोळा झाला तर मंद उजेड जाणवतो, पण बारकावे हरवतात. झुडूप दिसेल, तार दिसेलच असं नाही. अभ्यास एका कवटीवर उभा आहे, हे खरं. पण २००६ मध्ये डायमँटिना राष्ट्रीय उद्यानात याच जातीचा एक पक्षी मुंडकं तुटलेल्या अवस्थेत सापडला होता. तो काटेरी तारेला धडकला असावा, असं मानलं जातं. (आपल्याकडच्या माळढोक आणि वीजतारांच्या वादाशी याचं साम्य आहे. त्यालाही समोरचं नीट दिसत नाही.)

रानटी मांजरं आणि वणवे हे नाइट पॅरटचे मोठे शत्रू. विस्तीर्ण वाळवंटात त्यांना आवरणं खर्चीक आणि न संपणारं काम. त्यामानाने वस्तीजवळच्या कुंपणाची काटेरी तार काढणं किंवा तिच्यावर ठळक खुणा लावणं सोपं आहे, आणि सुरुवात तिथूनच व्हायला हवी.