गर्भाशयाचा कर्करोग : औषधाआधी चाचणी हवी

नागपूर : रजोनिवृत्तीनंतर होणारा रक्तस्राव अनेकदा वयाचा परिणाम म्हणून अंगावर काढला जातो. गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचे मात्र तेच प्रमुख लक्षण असते. निदान वेळीच झाले तर शस्त्रक्रियेने गर्भाशय काढणे हा मुख्य उपचार ठरतो. कसोटी लागते ती रोग पसरल्यावर किंवा पुन्हा उद्भवल्यावर. तेव्हा औषधांवरच भिस्त असते आणि नेमके याच क्षेत्रातील चित्र अलीकडे झपाट्याने बदलले आहे.

कार्बोप्लाटिन व पॅक्लिटॅक्सेल या दोन औषधांची केमोथेरपी आजही उपचारांचा पाया आहे. संथ वाढणाऱ्या, हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठींसाठी मेजेस्ट्रॉलसारख्या गोळ्या वापरल्या जातात. अपत्यप्राप्तीची इच्छा असलेल्या तरुण रुग्णांत सौम्य स्वरूपाचा रोग अस्तरापुरताच मर्यादित असेल, तर याच गोळ्यांच्या आधारे शस्त्रक्रिया लांबणीवर टाकता येते. मात्र दर तीन ते सहा महिन्यांनी अस्तराची तपासणी अटळ असते.

केमोथेरपीच्या जोडीला डोस्टारलिमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब ही रोगप्रतिकारशक्तीला चालना देणारी औषधे देणाऱ्या दोन मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गाठीतील डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली होती, त्या रुग्णांना सर्वाधिक लाभ झाला. डोस्टारलिमॅब घेतलेल्या अशा ६१ टक्के रुग्णांत दोन वर्षांनंतरही रोग वाढला नव्हता. केवळ केमोथेरपी घेणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते.

हा बिघाड साधारणतः चारपैकी एका रुग्णात आढळतो. इतरांमध्ये केमोथेरपीनंतर रोग वाढल्यास पेम्ब्रोलिझुमॅब व लेन्व्हाटिनिब ही जोडी, तर 'हर-टू' प्रथिन जास्त असलेल्या काही गाठींत ट्रॅस्टुझुमॅब हा पर्याय उरतो. म्हणजेच औषधाची निवड आता गाठीच्या गुणधर्मांवर ठरते. शस्त्रक्रियेत किंवा बायोप्सीत काढलेल्या तुकड्यावरच ही चाचणी होते. तिचा खर्च नव्या औषधांच्या एका मात्रेपुढे नगण्य आहे. शिवाय हा बिघाड आनुवंशिक निघाल्यास भावंडे व मुलांनाही आतड्याच्या कर्करोगाबाबत वेळीच सावध करता येते.

विदर्भासह मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील रुग्ण उपचारांसाठी उपराजधानीत येतात. मेडिकल, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था ही त्यांची प्रमुख आशास्थाने. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे केमोथेरपीचा भार हलका होतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्करोगाच्या अनेक औषधांवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला किंवा घटला. तरीही महिनोन्‌महिने चालणारी नवी औषधे मध्यमवर्गीयांच्याही आवाक्याबाहेर आहेत.

अशा स्थितीत सरसकट महागडे इंजेक्शन देणे जितके चुकीचे, तितकेच चाचणीअभावी पात्र रुग्णाला त्यापासून वंचित ठेवणेही अन्यायाचे. प्रत्येक रुग्णाची ही चाचणी निदानाच्या वेळीच व्हावी आणि तिचा खर्च शासकीय योजनेने उचलावा, हे पहिले पाऊल ठरेल. कोट्यवधींच्या यंत्रांपेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे.