प्रतिस्पर्धी जगला पाहिजे

वेळापूरच्या परिसरात धंद्याचे गणित उसावरून शिकले जाते. दोन साखर कारखान्यांमध्ये किमान २५ किलोमीटरचे हवाई अंतर असावे, हा महाराष्ट्राचा दंडक सर्वांना ठाऊक असतो. शेजारचा कारखाना बंद पडला, तर त्याचा ऊस आपल्या गव्हाणीत येतो. म्हणून शेजाऱ्याच्या अडचणीचे फारसे दुःख कुणी करीत नाही. व्यावसायिक फुटबॉल मात्र नेमका याच्या उलट चालतो. तिथे कोणताही संघ आपला माल एकट्याने तयार करू शकत नाही. माल म्हणजे सामना, आणि त्याला दुसरा संघ लागतो, तोही तुल्यबळ. प्रतिस्पर्ध्याला मैदानात हरवायचे, पण बाजारात मरू द्यायचे नाही, अशी ही विलक्षण भागीदारी आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये देशांतर्गत प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा निम्मा भाग सर्व संघांना सारखा वाटला जातो, तो काही औदार्यामुळे नव्हे.

आपल्याकडे हे परस्परावलंबन कधी नीट ओळखलेच गेले नाही, असे आम्हांस वाटते. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ साली राष्ट्रीय विजेता ठरला आणि २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला. संघ हा कंपनीच्या ताळेबंदातला एक खर्च होता; तो कमी झाला, इतकेच. गोव्याची गोष्ट अधिक बोचरी आहे. पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळविणारा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही संघांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतले. वरच्या स्पर्धेचे दार निकालाने नव्हे तर पैशाने उघडणार असेल, तर खेळून उपयोग काय, हा त्यांचा सवाल होता. त्याचे समाधानकारक उत्तर आमच्या वाचनात आलेले नाही.

याच काळात ‘क्लब’ जाऊन ‘फ्रँचाइझी’ हा शब्द आला. भाषेच्या अध्यापकांनी तरी याकडे निव्वळ शब्दबदल म्हणून पाहू नये. क्लबला सभासद असतात, फ्रँचाइझीला ग्राहक. ग्राहक दुकान बदलतो; आणि दुकानही गाव बदलते. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. पुण्यातल्या पाठीराख्यांना कुणी विचारले होते?

२०१० मध्ये फुटबॉल महासंघाने १५ वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांना, आपले व्यापारी हक्क एका कराराने सोपविले. पुढे देशातील सर्वोच्च स्पर्धा त्याच एका खुंटीवर टांगली गेली. करार संपत आला, नवा झाला नाही, आणि २०२५-२६ चा हंगाम खोळंबला. काही संघांनी खेळाडूंचे पगार थांबविले. त्याच डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीतून बाहेर पडला. मँचेस्टरच्या मालकाला मुंबई सोडता येते. तिथल्या गोलरक्षकाला, मैदान राखणाऱ्या माळ्याला, किट धुणाऱ्याला ते जमत नाही.

कोल्हापूरचे चित्र निराळे आहे, पण आम्ही त्याचे भाबडे गुणगान करणार नाही. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावेच सांगतात की तिथला फुटबॉल कुस्तीच्या मातीतून उगवला. तिथेही पैसा आहेच. वर्गणी आहे, पुढाऱ्यांची देणगी आहे, बाहेरचे खेळाडू आणण्याची चढाओढही आहे. पण पेठ संघ विकू शकत नाही, आणि समोरच्या पेठेवाचून तिची ईर्ष्या अर्थहीन ठरते. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच.

खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली झाली, तर रकमेतील ५ टक्के त्याला बारा ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडविणाऱ्या संघांना द्यावेत, असा फिफाचा नियम आहे. देशातल्या देशात होणाऱ्या प्रत्येक बदलीतही असाच वाटा पेठेपर्यंत पोचावा, ही मागणी कोल्हापूरने आणि गोव्याने एकत्र येऊन करायला हवी. नव्या व्यापारी कराराची बोलणी करताना महासंघाने ती पहिल्या पानावर लिहावी.