कुत्रा उचलून नेला, प्रश्न जागेवरच राहिला

एखाद्या मुलाला कुत्रा चावला की सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकच मागणी होते : महापालिकेची गाडी बोलवा आणि सगळी कुत्री उचलून लांब सोडून या. खारघर, कामोठे, कळंबोली असो की जुन्या पनवेलची गल्ली, मागणी बदलत नाही. तिच्यामागची भीती खरी आहे. रात्रपाळी संपवून स्टेशनवरून पायी घरी निघालेल्या माणसाच्या मागे चार कुत्री लागतात, तेव्हा त्याला भूतदयेवर व्याख्यान देण्यात अर्थ नसतो. पण भीती खरी म्हणून उपायही खरा, असं होत नाही. हा उपाय बेकायदा आहेच, शिवाय ज्याची भीती वाटते तेच तो वाढवतो.

लांब म्हणजे कुठे? खारघरचं कुत्रं तळोज्याला सोडलं, तर तळोज्यात मुलं राहत नाहीत का? आणि खारघरची जागा तरी रिकामी राहते का? संध्याकाळी कुठल्याही चिकनच्या दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन पाहा. पिसं, आतडी, पाय भरलेली पिशवी नाल्याच्या कडेला टाकलेली असते आणि अर्ध्या तासात ती फाटून रस्त्यावर पसरते. ती पिशवी रोज पडते, तोवर तिथे कुत्रा असणारच. जुनी कुत्री नेली की शेजारच्या भागातली येतात. जुन्यांपैकी काहींची नसबंदी झालेली असते, काहींना लस टोचलेली असते, माणसं त्यांच्या ओळखीची असतात. नव्यांचं यातलं काहीच नसतं. मग जागेवरून भांडणं, रात्रभर भुंकणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर धावून जाणं सुरू होतं.

'मग मारूनच टाका,' असंही कोणी म्हणतं. मुंबईने तेही करून पाहिलं. कुत्री मारण्यावरून तिथे १८३२ मध्ये दंगल झाली होती. पुढे महापालिकेने कित्येक दशकं कुत्री मारली आणि १९९४ मध्ये ते थांबवलं. कुत्री काही संपली नाहीत. आज भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला ठार मारणं किंवा लुळंपांगळं करणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

दुसरा आरोप खायला घालणाऱ्यांवर होतो. तो निम्मा खरा आहे. जिन्याखाली किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेशेजारी दूधभात ओतून निघून जाणं ही दया नव्हे, बेफिकिरी आहे. पण खाऊ घालणंच बंद करा, हा हट्ट म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. उघड्यावरचा कचरा तसाच ठेवून वाटीभर भात बंद केल्याने कुत्रं उपाशी राहून निघून जात नाही, ते चिडखोर होतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मधला रस्ता आखून दिला आहे. सोसायटीने खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवायची. ती जागा मुलांच्या खेळाच्या ठिकाणापासून, जिन्यापासून आणि ये-जा करण्याच्या दारापासून दूर हवी.

प्राणीमित्रांचं म्हणणंही तपासायला हवं. 'छेडल्याशिवाय कुत्रा चावत नाही' हे वाक्य धोकादायक आहे. पिल्लांची आई चावते, खाण्यावरून भांडणारा कळप चावतो, पिसाळलेलं कुत्रं तर कारण शोधतच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री होती तिथेच सोडायला सांगितलं, तेव्हा पिसाळलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना त्यातून वगळलं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून कुत्री हलवायला सांगितलं. ही मर्यादा प्राणीमित्रांनी मोकळ्या मनाने मान्य करावी. चावणाऱ्या कुत्र्याची बाजू घेतली की बाकीच्या निरुपद्रवी कुत्र्यांवर लोकांचा राग निघतो.

मग करायचं काय? एका वस्तीत एकदम आणि पुरतं काम. आज या गल्लीतली दोन कुत्री, उद्या त्या नाक्यावरचं एक, अशी फुटकळ नसबंदी पाण्यात जाते. मादी दोन महिन्यांत विते आणि वर्षात दोनदाही विते, त्यामुळे सुटलेल्या दोन-तीन माद्या सगळी संख्या पुन्हा भरून काढतात. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते. ती लांबूनही दिसते. प्रत्येक सोसायटीने आपल्या आवारातल्या कुत्र्यांची यादी करावी, कोणाच्या कानाला खाच नाही ते टिपावं आणि ती यादी महापालिकेकडे लेखी द्यावी. 'कुत्री फार झालीत' या तक्रारीपेक्षा अशा यादीचा पाठपुरावा सोपा असतो.

लसीचंही तसंच. वस्तीतल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेजारच्या गोव्यात २०१४ पासून गावोगाव लसीकरण झालं. २०१८ मध्ये तिथे एकही माणूस रेबीजने दगावला नाही. तिथे कुत्री हटवली नव्हती, त्यांना जागेवर लस टोचली होती.

घरात कुत्रा पाळणाऱ्यांनीही त्याचं लसीकरण आणि नोंदणी करावी, बाहेर नेताना पट्टा लावावा. आणि कोणालाही चावा बसला तर हळद, चुना, तिखट काही लावू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. चाव्याने त्वचा फाटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. पुढचे डोस चुकवू नयेत, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

कुत्रा हटवणं आणि प्रश्न सोडवणं वेगळं, हे आपल्याकडे एकदा दिसलं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीतली कुत्री निळी दिसू लागली. एका कारखान्याचा रंग त्यांच्या अंगावर चढला होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाने तेव्हा तो कारखाना बंद करायला लावला. कुत्री उचलून नेली असती, तर कासाडी नदीच्या काठचं ते प्रदूषण दिसायचंच बंद झालं असतं. मोकाट कुत्र्यांच्या बाबतीतही उपाय मुळावरच करायला हवा. पनवेलची महापालिका २०१६ मध्ये झाली, त्याला इतकी वर्षं लोटली. नसबंदी आणि लसीकरण हे तिचं काम आहे आणि ते तिच्याकडून करून घेतलंच पाहिजे. पण दुकानामागची पिशवी झाकलेल्या डब्यात जाते की नाही, हे बघायला आपणच लागतो. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये 'कुत्री हटवा' या ठरावाऐवजी कचरा, यादी आणि खाऊ घालण्याची जागा हे तीन विषय घ्या. तुमची मुलं त्यानेच सुरक्षित राहतील.