विश्लेषण : मकरानला भूकंप झाला तर कोकणाला कोण कळवणार?

अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला, इराण आणि पाकिस्तानच्या किनाऱ्यालगत मकरान हा भूकंपप्रवण पट्टा आहे. १९४५ मध्ये तेथे उठलेल्या त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. तसा भूकंप पुन्हा झाला तर कोकणाच्या हाती काही तास असतील. मात्र ते तास उपयोगी पडायचे तर इराण, पाकिस्तान आणि ओमानच्या किनाऱ्यांवरील यंत्रांची माहिती काही मिनिटांत हैदराबादला पोहोचायला हवी. त्यामुळे या देशांबरोबरचे वैज्ञानिक सहकार्य हा परराष्ट्र खात्याच्या सौजन्याचा विषय नाही. तो पालघरपासून सिंधुदुर्गपर्यंतच्या किनाऱ्याच्या सुरक्षेचा विषय आहे.

१९४५ मध्ये काय घडले होते?

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास बलुचिस्तानातील पसनीजवळ समुद्राखाली सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून उठलेल्या लाटांनी मकरान किनाऱ्यावरील वस्त्यांची दाणादाण उडवली, शेकडो माणसे दगावली. कराचीलाही तडाखा बसला. काही तासांनी मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटर उंचीची लाट आली आणि येथेही काही जण वाहून गेले.

त्या वेळी कराची आणि मुंबई एकाच सरकारच्या अमलाखाली होत्या. अडथळा सीमेचा नव्हता, इशारा देणारी व्यवस्थाच नव्हती. आज व्यवस्था आहे, पण मध्ये सीमा आहे. शिवाय तेव्हाच्या तुलनेत मुंबईची लोकसंख्या, किनाऱ्यावरील बांधकामे, बंदरे आणि कोकणातील पर्यटन कित्येक पटींनी वाढले आहे.

लाट पोहोचायला किती वेळ लागतो?

त्सुनामीचा वेग समुद्राच्या खोलीवर ठरतो. चार किलोमीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटर वेगाने, म्हणजे जवळपास प्रवासी विमानाच्या गतीने धावते. पाणी उथळ झाले की वेग घटतो आणि लाटेची उंची वाढते. पसनी ते मुंबई हे अंतर सरळ रेषेत सुमारे १२०० किलोमीटर आहे. मुंबईसमोरचा समुद्र बराच दूरपर्यंत उथळ असल्याने शेवटचा टप्पा पार करायला लाटेला वेळ लागतो. त्यामुळे मुंबईला साधारण चार ते पाच तास मिळू शकतात.

हा वेळ पुरेसा वाटतो, पण त्यात एक मेख आहे. मकरानजवळच्या माणसाला जमीन हादरल्यावर पळायचे कळते. रत्नागिरी किंवा श्रीवर्धनमध्ये झोपलेल्या माणसाला हादरा जाणवेलच असे नाही. निसर्ग त्याला स्वतःहून काही सांगणार नाही. त्याचा इशारा पूर्णपणे यंत्रांवर अवलंबून आहे आणि ती यंत्रे दुसऱ्या देशांत आहेत.

इशारा कसा तयार होतो?

पहिला टप्पा भूकंपमापनाचा. निरनिराळ्या ठिकाणच्या भूकंपमापकांवर कंपने केव्हा पोहोचली यावरून भूकंपाचे ठिकाण, खोली आणि तीव्रता काही मिनिटांत काढली जाते. दुसरा टप्पा समुद्राचा. खोल समुद्राच्या तळाशी ठेवलेले दाबमापक वरून जाणाऱ्या लाटेमुळे दाबात झालेला सूक्ष्म बदल टिपतात आणि तो वरच्या तरंगत्या बोयामार्फत उपग्रहाला कळवतात. किनाऱ्यावरील टाइड गेज, म्हणजे समुद्राची पातळी मोजणारी यंत्रे, लाट खरोखर आली का आणि किती मोठी होती, हे सांगतात.

दुसरा टप्पा का महत्त्वाचा, हे तीन घटनांवरून कळते. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, पण भूखंडाचे तुकडे वर-खाली न होता आडवे सरकल्याने मोठी त्सुनामी उठली नाही. समुद्रातील नोंदी पाहून इशारे काही तासांत मागे घेता आले. सप्टेंबर २०१३ मध्ये नेमके उलटे घडले. पाकिस्तानातील ७.७ तीव्रतेच्या भूकंपाचे केंद्र जमिनीवर, किनाऱ्यापासून बरेच आत होते. तरीही ओमानच्या किनाऱ्यावर छोटी त्सुनामी नोंदली गेली. समुद्राखाली दरड कोसळल्याने ती उठली असावी, असे संशोधकांचे मत आहे. डिसेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियात अनाक क्राकाटोआ ज्वालामुखीचा कडा समुद्रात कोसळला आणि मोठा भूकंप न होताच आलेल्या लाटेने ४०० हून अधिक बळी घेतले. केवळ भूकंपमापकावर विसंबल्यास एकदा खोटा इशारा निघतो आणि दुसऱ्यांदा निघतच नाही.

२००४ मध्ये माहिती असूनही इशारा का पोहोचला नाही?

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. हवाईतील प्रशांत महासागर त्सुनामी इशारा केंद्राने पंधरा मिनिटांत त्याची नोंद घेऊन पत्रक काढले. ते प्रशांत महासागरातील देशांसाठी होते आणि त्यांना धोका नव्हता. हिंद महासागराभोवतीच्या देशांशी संपर्काची ठरलेली यंत्रणाच नव्हती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा धडकल्या त्या सुमारे दोन तासांनी. एकूण सुमारे सव्वादोन लाख माणसे गेली, त्यांत भारतातील दहा हजारांहून अधिक.

प्रशांत महासागरात अशी आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९६५ पासून होती, कारण १९६० च्या चिलीतील भूकंपानंतर तेथील देशांनी ती उभारली. हिंद महासागरासाठी युनेस्कोच्या आंतरसरकारी समुद्रविज्ञान आयोगाच्या पुढाकाराने २००५ मध्ये काम सुरू झाले. भारताने २००७ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र सुरू केले. २०११ पासून भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया ही तीन केंद्रे संपूर्ण हिंद महासागराला इशारे देतात. म्हणजे हैदराबादचे केंद्र जितके कोकणाचे, तितकेच ओमान आणि पाकिस्तानचेही आहे.

माहिती देण्यात अडचण कोणती?

भूकंपमापक भूकंपाप्रमाणेच जमिनीखालचा स्फोटही टिपतो. त्यामुळे अणुचाचण्यांची पार्श्वभूमी असलेल्या देशांना भूकंपाची कच्ची माहिती त्या क्षणी खुली करणे नकोसे वाटते. भारतही याला अपवाद नव्हता. पुढे पोर्ट ब्लेअर, मिनिकॉय आणि शिलाँग या तीन केंद्रांची माहिती जगाला तत्काळ उपलब्ध करून देण्यात आली. दुसरीकडे, अणुचाचणीबंदी करारासाठी उभारलेल्या जागतिक जाळ्याची माहिती अनेक सदस्य देशांच्या त्सुनामी केंद्रांना मिळते. भारत आणि पाकिस्तान यांनी या करारावर सही केलेली नाही. त्यामागची कारणे वेगळी आणि जुनी आहेत, पण त्सुनामी इशाऱ्याच्या दृष्टीने त्याची किंमत आहे, हे मान्य करायला हवे.

सुरक्षेचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. मात्र तो ताणण्यात अर्थ नाही. १९९८ च्या पोखरण चाचणीची नोंद परदेशांतील भूकंपमापकांवर झालीच होती. मोठे स्फोट लपत नाहीत. टाइड गेजमधून तर लष्करी गुपित बाहेर जाण्याचा प्रश्नच जवळपास उद्भवत नाही. समुद्राची पातळी किती वाढली, एवढेच ते सांगते. निदान ही माहिती तरी विनाअट आणि अखंड मिळावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

संबंध बिघडले तर काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये तावी नदीला पूर येण्याची शक्यता दिसताच भारताने इस्लामाबादमधील उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला कळवले. सिंधू जलकरार एप्रिलपासून स्थगित असल्याने नेहमीचा मार्ग बंद होता. माणुसकीच्या भूमिकेतून इशारा गेला, हे चांगलेच झाले. पण पूर चढायला काही तास किंवा दिवस लागतात. त्सुनामीत पहिली दहा-पंधरा मिनिटे निर्णायक असतात. त्या वेळेत कोणी फाइल पुढे सरकवून परवानगी घेणार नाही. म्हणून माहिती यंत्राकडून यंत्राकडे आपोआप जायला हवी, संबंध कसेही असोत.

त्यासाठी चौकट तयार आहे. हिंद महासागराच्या वायव्य भागासाठीच्या कार्यगटात भारत, इराण, ओमान आणि पाकिस्तान हे देश आहेत. ‘आयओवेव्ह’ या संयुक्त सरावांत २०१४ आणि २०१६ मध्ये मकरानमधील काल्पनिक भूकंपावर रंगीत तालीम झाली. आता पुढचे पाऊल हवे : मकरान किनाऱ्यावरील यंत्रांची देखभाल, सुटे भाग आणि प्रशिक्षण यांसाठी एकत्रित निधी. इंडोनेशियाचे तरंगते बोये २०१२ पासून निकामी होते आणि २०१८ मध्ये त्यांची उणीव भासली. यंत्र बसवताना फीत कापली जाते, पण दुरुस्तीला पैसा मिळत नाही, हा अनुभव सर्वच देशांचा आहे. भारताने या निधीत मोठा वाटा उचलावा. तो परोपकार ठरणार नाही. ग्वादर किंवा चाबहारचे टाइड गेज बंद पडले तर आंधळे होणारे केंद्र हैदराबादचे असेल.

क्वचित येणाऱ्या संकटावर इतका खर्च कशाला, असेही विचारले जाते. पण हीच यंत्रे रोज उपयोगी पडतात. निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) या चक्रीवादळांनी अरबी समुद्राबद्दलच्या निश्चिंतपणाला धक्का दिला. वादळात समुद्र किती चढेल, उधाणाच्या लाटा कोठे धडकतील, हे सांगायलाही पातळीच्या नोंदीच लागतात. मच्छीमारांना लाटांचे इशारे देणारी संस्थाही इन्कॉइसच आहे.

कोकणाची तयारी किती?

आंतरराष्ट्रीय सहकार्य इशारा जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षापर्यंत आणून देते. तेथून कोळीवाड्यापर्यंतचा रस्ता आपलाच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये इंडोनेशियातील पालू येथे इशारा निघाला होता. पण वीज आणि संपर्क तुटल्याने तो किनाऱ्यावरील अनेकांपर्यंत पोहोचलाच नाही. याउलट जुलै २०२५ मध्ये रशियाच्या कामचात्काजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाल्यावर जपानमध्ये लाखो लोकांना किनारा सोडण्यास सांगण्यात आले आणि ते उंचावर गेले. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता.

भारतात युनेस्कोच्या आयोगाची ‘त्सुनामी रेडी’ मान्यता मिळवणारी पहिली २६ गावे ओडिशातील आहेत. त्यातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन वस्त्यांना २०२० मध्येच मान्यता मिळाली. त्यासाठी १२ निकष आहेत : पाणी कोठवर येईल याचा नकाशा, उंच जागेकडे नेणाऱ्या पाट्या, इशारा मिळण्याची चोवीस तासांची सोय, सराव वगैरे. चक्रीवादळांनी ओडिशाला शिस्त लावली. कोकणाने मोठ्या संकटाची वाट पाहण्याचे कारण नाही. किनाऱ्यामागे लगेच डोंगर असल्याने उंच जागा शोधण्याची अडचण येथे अनेक गावांना नाही.

करायच्या गोष्टी साध्या आहेत. पहाटे तीन वाजता भोंगा कोण वाजवणार, त्याचे नाव ठरलेले असावे. मोबाइलवर मोठ्या आवाजात येणाऱ्या सरकारी इशाऱ्याच्या चाचण्या २०२३ पासून सुरू आहेत. तसा इशारा आल्यावर नेमके कोठे जायचे, हे गावाला माहीत असावे. समुद्रात असलेल्या होड्यांनी बंदराकडे परतू नये, खोल पाण्यातच थांबावे, कारण तेथे लाट जाणवतही नाही. पहिली लाट ओसरली म्हणजे संकट टळले असेही नाही. पुढची लाट तासाभराने आणि अधिक मोठी येऊ शकते, म्हणून प्रशासनाने सांगेपर्यंत खाली उतरू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या महासागर दशकात २०३० पर्यंत धोक्यातील सर्व किनारी वस्त्या सज्ज करण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्राने त्यासाठी जिल्हावार गावांची यादी आणि मुदत जाहीर करावी. केंद्राने मकरान किनाऱ्यावरील नोंदी कोणत्याही राजकीय तणावात सुरू राहतील, अशी लेखी तजवीज शेजाऱ्यांशी करून घ्यावी. यांपैकी एकच काम झाले तर उपयोग नाही. इशारा वेळेत निघाला आणि गाव झोपलेले राहिले, किंवा गाव तयार राहिले आणि इशारा निघालाच नाही, तर दोन्हींचा शेवट सारखाच असेल.