बियाण्याला चाचणी लागते, ॲपला का नको?



जिल्हा बैठकीच्या विषयपत्रिकेत कापसाचा भाव पहिला आहे, पीक विमा दुसरा आहे आणि अगदी तळाला, 'आयत्या वेळचे विषय' याच्या वर, 'शासनाच्या ऑनलाइन प्रणाली' असा एक विषय टाकला आहे. तो तळाला टाकू नका म्हणून मी भांडलो. माझे म्हणणे असे, की हा विषय कापसाच्या भावापासून वेगळा नाहीच. सरकारने भाव जाहीर केला आणि तो मिळण्याचे दार मोबाईलच्या आत ठेवले, तर ते दार कधी उघडते आणि कोणासाठी उघडते यावरच तुमच्या पदरात काय पडणार ते ठरते.

मी परभणीला शेतीची पदवी घेतली. तिथे आमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसवली होती. नवे वाण कितीही देखणे दिसले तरी ते उचलून थेट शेतकऱ्याच्या हातात द्यायचे नाही. आधी संशोधन केंद्रावर पेरायचे, मग वेगवेगळ्या जमिनींत आणि वेगवेगळ्या पावसात, मग शेतकऱ्याच्या रानात. आणि प्रत्येक वेळी शेजारी जुने वाण पेरायचे. नवे फसले तर किती फसले ते जुन्याकडे बघून कळते. दोन-तीन हंगाम आकडे जुळले तरच शिफारस. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचे एनएचएच-४४ हे संकरित वाण १९८४ साली याच वाटेने आले आणि पुढे कितीतरी वर्षे आपल्या कोरडवाहू रानांत टिकले. शास्त्रज्ञ आपल्यापेक्षा हुशार होते म्हणून ते टिकले, असे मला वाटत नाही. घाई केली नाही म्हणून टिकले.

आता मुंबई-दिल्लीत बसून कोणी संगणकाची नवी प्रणाली करतो. तिची पेरणी मात्र एकाच दिवशी, सगळ्या राज्यात, आणि जुने वाण त्याच दिवशी उपटून टाकायचे!

२०१७ ची कर्जमाफी आठवा. २४ जूनला घोषणा झाली. ३४,०२२ कोटी रुपये, ८९ लाख शेतकरी. महिनाभरात प्रणाली उभी केली आणि २४ जुलैपासून राज्यभर अर्ज सुरू. कुटुंब हा घटक धरलेला, म्हणून नवरा-बायको दोघांचे आधार, दोघांचे अंगठे. दिवस कोणते, तर खुरपणी-कोळपणीचे. मी त्या ऑगस्टात एका केंद्रावर रात्री अकरा-अकरापर्यंत बसलो आहे. दिवसा सर्व्हर चालत नाही म्हणून केंद्रवाला माणसांना जेवणानंतर बोलवायचा. एका म्हातारीचा अंगठा यंत्राला लागेना. जन्मभर कापूस वेचून आणि ज्वारी काढून बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. पोराने पदराने तिचा अंगठा पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. कर्ज तिच्या नावावर होते, सातबारा तिच्या नावावर होता. यंत्राच्या लेखी ती बाईच नव्हती. ती तीन रात्री आली.

पुढे काय झाले? १८ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते प्रमाणपत्रे वाटली, जिल्ह्याजिल्ह्यांत समारंभ झाले. मग याद्या उघडल्या तर एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी! याद्या मागे घ्याव्या लागल्या, पुन्हा तपासाव्या लागल्या. हातात प्रमाणपत्र आणि बँकेत कर्ज तसेच, अशी माणसे मुरूडच्या बाजारात मला भेटत होती. साहेब लोक म्हणाले, तांत्रिक अडचण. कसली तांत्रिक? दिवाळीचा मुहूर्त आधी ठरला आणि कामाचे वेळापत्रक त्यावरून उलटे मोजत आणले. पंचांग बघून पेरणाऱ्याला हेच लोक अडाणी म्हणतात. इथे वापसा आहे की नाही हे कोणी बोटाने माती उकरून पाहिले नाही आणि तिफण घातली.

आता त्याच राज्यातली दुसरी गोष्ट ऐका. डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. या वेळी शेतकऱ्याने अर्जच करायचा नव्हता, बँकांनी आपल्याकडची खाती भरून दिली. आणि २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी लागली ती फक्त ६८ गावांची. जिल्ह्यामागे दोन गावे, मिळून १५,३५८ शेतकरी. शेतकऱ्याने आधार पटवायचा, आपल्या नावापुढे लिहिलेली कर्जाची रक्कम बघायची, बरोबर असेल तर मान्य म्हणायचे, नसेल तर तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे. या ६८ गावांत काय अडते ते बघून मग मोठ्या याद्या. सरकार कोणाचे होते यावर मी एक शब्द बोलत नाही. दोन्ही वेळच्या सत्ताधाऱ्यांशी आपले भांडण होते. नियमित फेड करणाऱ्यांना कबूल केलेले ५०,००० रुपये तर ऑक्टोबर २०२२ पर्यंत कोणाच्या खात्यावर पडले नव्हते. पण यादीपुरते बोलायचे, तर दोन गावे आधी घेतल्याने चूक गावातच सापडते, आणि पंचवीस माणसांची चूक पंचवीस लाखांची होत नाही. हे शहाणपण सरकारकडे आहे. ते दर वेळी नव्याने विसरले जाते, एवढेच.

विसरण्याचे आणखी एक उदाहरण घरचेच आहे. सातबारा संगणकावर चढवताना झालेल्या चुका काढायला २०१७ च्या उन्हाळ्यात चावडी वाचन ठेवले होते. तलाठ्याने गावापुढे सातबारा मोठ्याने वाचायचा, ज्याचा त्याने ऐकायचा. जिथे खरेच वाचन झाले तिथे चुलत्याचे नाव पुतण्यावर चढल्याचे बसल्या जागी सापडले. जिथे ते कागदावर उरकले तिथली माणसे पुढे कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज घेऊन तहसिलीच्या पायऱ्या झिजवत राहिली. एका दुपारच्या वाचनाने जे वाचले असते त्याला त्यांची वर्षे गेली.

विलायतेत सगळे सुरळीत असते असे कोणी सांगत असेल तर त्याला २०१५ चे इंग्लंड सांगा. तिथल्या शेतकऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानासाठी नवी ऑनलाइन प्रणाली आणली. शेताचा नकाशा पडद्यावर आखायची सोय काही केल्या नीट चालेना. मार्चमध्ये सरकारने हात टेकले आणि कागदी अर्ज परत आणले, मुदत १५ मेची १५ जून केली. लाज न बाळगता मागे फिरले. आपल्याकडे मागे फिरायला कागदच शिल्लक ठेवत नाहीत, हा फरक.

ई-पीक पाहणीचे बघा. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. आधी काही तालुक्यांत चाचणी झाली होती, हे मान्य करायला हवे. शेतकऱ्याने स्वतःचा पीकपेरा स्वतः नोंदवायचा, तलाठ्याच्या मागे फिरायचे नाही, हा विचार मला आजही पटतो. मीच गावोगाव पोरांना फोटो काढायला शिकवले. पण जी नोंद हक्क म्हणून सुरू झाली ती बघता बघता अट झाली. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, मदत जाहीर झाली तेव्हा ई-पीक पाहणी नसलेला बाहेर. पीक त्याने पेरले होते, भाव पडल्याचा मार त्याने खाल्ला होता, सातबाऱ्यावर नोंदही होती, फोटो नव्हता. ओरड झाली, तेव्हा ऑगस्ट २०२४ मध्ये परळीच्या कृषी महोत्सवात ही अट काढल्याची घोषणा करावी लागली. माझा मुद्दा इतकाच, की चाचणी झाली ती फोटो निघतो का याची. फोटो निघाला नाही तर माणसाचे पैसे बुडतात का, याची चाचणी कोणी घेतली नाही.

आता कापूस. आमच्या मुरूड भागात सोयाबीन-तूर जास्त, कापूस नांदेडकडे, पण लूट एकच. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये हमीभाव होता. तो सीसीआयकडून घ्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा, कागद चढवा, मंजुरीची वाट बघा, मग दिवस आरक्षित करा. नोंदणीचा महिना कोणता ठरवला? १ ते ३० सप्टेंबर २०२५. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटले. मांजरा, तेरणा, गोदावरीकाठी रानेच्या राने पाण्याखाली, खांब आडवे, वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. माणसे जनावरे सोडवत होती आणि ॲप ओटीपी मागत होते. मुदत मग ऑक्टोबरअखेर केली, पुढे आणखी वाढवली. वाढवली हे बरेच झाले, पण दर वेळी मागून, ओरडून.

व्यापारी शेतकऱ्याच्या नावावर सीसीआयला कापूस घालतात, ती चोरी थांबवायला ॲप आहे, असे साहेब सांगतात. ही चोरी खरी आहे, आपण बैठकांत तिच्याविरुद्ध ठराव केले आहेत. पण हिशोब मांडू. समजा व्यापारी गावात सात हजाराने मागतो. तुमच्या घरात दहा क्विंटल कापूस आहे. आरक्षणाचा दिवस तीन आठवड्यांनी मिळाला. वेचणीची मजुरी उद्या द्यायची आहे, रब्बीच्या ज्वारीला पाळी घालायची आहे, दुकानदार उधारी मागतो आहे. तुम्ही खेडा खरेदीला देऊन टाकता. क्विंटलला १,११० रुपये, दहा क्विंटलला ११,१०० रुपये गेले. ज्या व्यापाऱ्याला अडवायला ॲप आणले त्याच्याच काट्यावर ॲपने तुमचा माल नेऊन ठेवला. बागायतदाराला पुढच्या पिकावर थांबता येते. कोरडवाहूवाल्याचे नगदी पीक एकच आणि त्याचा पैसा वर्षातून एकदाच.

आणि याच वर्षी १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. गिरणीवाल्याला कोणता ओटीपी लागला? कोणत्या बांधावर उभे राहून त्याने फोटो काढला?

तुम्ही संगणकाच्या विरोधात आहात का, असे मला एका अधिकाऱ्याने विचारले. मी म्हणालो, साहेब, मी कीटकनाशकाच्याही विरोधात नाही. पण डबा उघडण्याआधी मात्रा विचारतो.

तेव्हा जिल्हा बैठकीपुढे मी जे मांडणार आहे ते असे. नवी प्रणाली कोणतीही येवो, आधी प्रत्येक तालुक्यातली दोन गावे घ्या, आणि त्यातले एक रेंज नसलेले, तांड्याचे किंवा डोंगराकडचे असले पाहिजे. जिल्ह्याच्या गावाजवळचे सोयीचे गाव निवडून टाळ्या घेऊ नका. पूर्ण एक खरीप आणि एक रब्बी जुनी वही शेजारी चालू ठेवा, आणि दोन्हींत फरक पडला तर वही खरी धरा. नोंदणीच्या तारखा पेरणी आणि वेचणी बघून ठरवा. सर्व्हर जितके दिवस बंद तितके दिवस मुदत आपोआप पुढे जावी, त्यासाठी मोर्चा काढायला लागू नये. यादी लागण्याआधी चावडीवर वाचा. अंगठा लागला नाही तर तलाठी आणि दोन पंच यांची सही पुरे व्हावी. आणि सगळ्यात महत्त्वाचे, प्रणालीच्या चुकीने हमीभाव हुकला तर फरकाची रक्कम सरकारने द्यावी. बियाणे उगवले नाही तर आपण पंचनामा करून कंपनीकडे भरपाई मागतो. एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा केला आहे, म्हणजे पुढची प्रत्येक प्रणाली याच एका खुंट्याला बांधली जाणार. खुंटा उपटला तर सगळी दावण मोकळी. म्हणून हे आताच मागायचे.

मोर्चाने हे मिळेल, पण मोर्चाआधी पुरावा लागतो. 'नेट चालत नव्हते' एवढे म्हटल्याने कोणी ऐकत नाही. तेव्हा प्रत्येक गाव शाखेने एक दोनशे पानी वही घालावी. कोणती प्रणाली, तारीख, वेळ, पडद्यावर काय अक्षरे आली, केंद्रवाल्याने किती पैसे घेतले, किती खेपा झाल्या, शेवटी माल कुठे आणि काय भावाने गेला. ज्याला लिहिता येत नाही त्याचे शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या आणि खाली त्याचा अंगठा घ्या. कागदावर तो नक्की उमटतो. बैठकीला येताना भाकरीच्या फडक्यासोबत ही वही आणा. लातूरच्या वह्या मी मुरूडला गोळा करतो, नांदेडच्या वह्या जिल्हा कार्यालयात द्या.